पाच नाणी

गेल्या बकरीदला मी आणि आपा पैठणला गेलो होतो. धाकटा मस्कतला असतो. तो नेहमीप्रमाणे मोबाइलच्या पडद्यावर होता. दुपारची जेवणं झाली, बिर्याणीचं पातेलं झाकून ठेवलं, आणि अब्बांनी मला कपाटातले तीन पत्र्याचे डबे काढायला सांगितले. आपाला म्हणाले, "एक जुनी पांढरी चादर अंथर." मग भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "प्रत्येकानं यातली पाच-पाच नाणी निवडा. उरलेली मी देऊन टाकणार आहे."

"पाचच का?" धाकट्यानं तिकडून विचारलं.

"मुठीत पाच मावतात. सहावं पडतं."

अब्बा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पैठणच्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढं. दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या पडद्याचा आजार वाढला. आता समोर बसलेल्या माणसाचा आकार त्यांना दिसतो, चेहरा दिसत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर उजव्या डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू फिरवले, त्याला हे सोपं गेलं नसणार. पण ते त्याबद्दल बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले ते एवढंच : "मला थोडंफार दिसतंय तोवर कोण काय घेतं ते बघायचंय."

डब्यांत दोनशे बारा नाणी होती. घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या, काचेच्या झाकणाच्या छोट्या गोल डब्या असतात, त्यांत ती ठेवलेली. प्रत्येक डबीखाली कागदाची घडी आणि त्यावर अब्बांच्या बारीक अक्षरात नाणं कुठं मिळालं, कुणाकडून, कधी, वजन किती. या चिठ्ठ्यांबद्दल अब्बा फार कडक होते. आम्ही लहानपणी एकदा खेळताना चार डब्यांच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या होत्या, तेव्हा त्यांनी मारलं नाही, पण दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

ही सवय त्यांना नेवाशाला लागली. ते मूळचे नेवाशाचे. १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेच्या काठी, लाडमोडच्या टेकडीवर डेक्कन कॉलेजचं उत्खनन चाललं होतं. डॉ. ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी ही मंडळी तिथं होती. अब्बा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. मातीची घमेली वाहायच्या कामाला लागलेले. पुढे अवघ्या महाराष्ट्राचा हजारो वर्षांचा इतिहास त्या टेकडीच्या थरांवरून लिहिला जाणार आहे हे घमेलं उचलणाऱ्या पोराला कसं कळावं? पण एक गोष्ट त्याला कळली. खापराचा तुकडासुद्धा तिथं कुठल्या थरात सापडला हे लिहिल्याशिवाय पुढे सरकत नसे. "वस्तू सापडली म्हणजे काय सापडलं? तिची जागा सापडली," असं अब्बा म्हणतात. पुढे नाणी गोळा करायला लागल्यावर त्यांना हेच टोचत राहिलं की, बाजारातून आलेल्या नाण्याची जागा बहुतेक वेळा हरवलेलीच असते. नांगराला लागलेलं नाणं सराफाकडे येतं, तिथून मुशीत जातं. मुशीत जायच्या आधी अब्बा जेवढी वाचवू शकले तेवढी या डब्यांत होती. पण कुणी मडकंभर नाणी सापडल्याचं सांगितलं, तर अब्बा विकत घ्यायचे नाहीत. "आधी कलेक्टरला कळव, १८७८चा कायदा आहे," एवढं सांगून त्याला परत पाठवायचे. त्यामुळे गिऱ्हाईकही तुटलं.

तर पाच नाणी निवडायची होती. मी विचार केला होता की, अर्ध्या तासात होईल. मला रात्र पुरली नाही.

पहिलं नाणं मात्र मी लगेच उचललं. चांदीचा वेडावाकडा चौकोनी तुकडा. आहत नाणं म्हणतात याला. सव्वादोन हजार वर्षांहून जुनं. त्यावर राजाचं नाव नाही, चेहरा नाही, एक अक्षरही नाही. नुसत्या खुणा ठोकलेल्या. एक सूर्य, सहा हातांचं एक चिन्ह, कमानींची टेकडी आणि आणखी दोन, ज्यांतली निम्मी तुकड्याबाहेर गेलेली. चांदीचा पत्रा ठोकायचा, पट्ट्या कापायच्या, पट्ट्यांचे तुकडे करायचे, आणि वजन जास्त भरलं तर कोपरा कातरायचा. म्हणून ही नाणी अशी कोपरे उडालेली असतात. वजन बत्तीस गुंजा, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. अब्बांच्या दुकानात एका डबीत खऱ्या गुंजा होत्या, लाल, काळ्या डोळ्याच्या. लहानपणी मी तराजूच्या एका पारड्यात हे नाणं आणि दुसऱ्यात गुंजा टाकत बसायचो. झिजल्यामुळे ते बत्तीस कधीच भरायचं नाही, तिसाच्या आसपास थांबायचं. "उरलेल्या दोन गुंजा कुठं गेल्या?" मी विचारायचो. "लोकांच्या हाताला लागून गेल्या," अब्बा म्हणायचे.

या नाण्याची मागची बाजू मला जास्त आवडते. तिथं बारीक बारीक ठसे आहेत. हात बदलताना सराफांनी नाणं तपासून मारलेल्या खुणा, असं बरेच अभ्यासक सांगतात. म्हणजे राजाच्या शिक्क्यावर लोकांनी आंधळा विश्वास ठेवला नव्हता. वाजवून, घासून, तोलून घेतलं आणि मग आपलीही खूण मारली. अब्बा घड्याळ दुरुस्त केल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं तारीख आणि एक छोटा अलीफ कोरायचे. तेच पुन्हा दुरुस्तीला आलं की, आपलं काम आपल्याला ओळखू यावं म्हणून. आहत नाण्याची पाठ बघितली की मला ती झाकणं आठवतात.

दुसरं नाणं फुकट आलेलं. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. गावाच्या कडेला पालथी नगरी म्हणून टेकाडांचा भाग आहे. पावसानं माती धुतली की तिथं मणी, खापरं, कधी एखादं काळपट नाणं वर येतं. एका शेळ्या चारणाऱ्या बाईनं नवऱ्याच्या घड्याळाच्या दुरुस्तीचे पैसे नव्हते म्हणून ते दिलं. चिठ्ठीवर लिहिलंय : "पालथी नगरी, आषाढ, १९७३. एच.एम.टी.ची स्प्रिंग बदलून." नाणं तांबं-शिसं-कथिलाच्या मिश्रणाचं आहे. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती. दुसऱ्या बाजूला अधिकाच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. याला उज्जैन चिन्ह म्हणतात. हत्तीच्या वर ब्राह्मी अक्षरं होती, आता त्यांतलं 'सिरि' तेवढं वाचता येतं. सिरि म्हणजे श्री.

त्या 'सिरि'वर अब्बांचा भारी जीव. सातवाहनांनी आपल्या नाण्यांवर संस्कृत लिहिलं नाही, प्राकृत लिहिलं. राज्ञः नाही, रञो. पुत्रस्य नाही, पुतस. जी भाषा पुढे बदलत बदलत मराठी झाली, तिच्या घराण्यातली ही बोली. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. ब्राह्मी ते दुकानात बसून, एका जुन्या पुस्तकातल्या तक्त्यावरून शिकले. एकदा एक पाहुणा त्यांना म्हणाला होता, "तुम्ही ही लिपी कशी काय वाचता?" बोलण्याचा सूर आम्हाला कळला होता. अब्बांनी भिंग काढलं आणि म्हणाले, "गावात राहतो ना. गावातली जुनी माणसं काय बोलत होती ते कळायला नको?"

हत्तीचं नाणं बाजारात नेलं तर फार किंमत यायची नाही. अशी बरीच मिळतात. पण त्याची जागा हरवलेली नाही. दोनशे बारांपैकी नक्की कुठल्या मातीतून आली हे माहीत असलेली नाणी तीसही नव्हती. त्यांतलं हे एक.

तिसऱ्यासाठी आपाची आणि माझी थोडी बाचाबाची झाली. तेच तिलाही हवं होतं. शेवटी तिनं दिलं, पण "तुझ्या नातवांना दाखवायला मी येणार" या अटीवर.

हे चांदीचं नाणं अब्बांनी आटणीला निघालेल्या चांदीच्या ढिगातून चांदीच्याच भावानं घेतलं. मूळ नाणं नहपानाचं. पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षहरात घराण्याचा हा क्षत्रप. एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या. मग सुमारे १९०० वर्षांपूर्वी गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला. जिंकल्यावर शत्रूची नाणी वितळवून नवी पाडता आली असती. त्यानं तसं केलं नाही. त्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. एका बाजूला तीन कमानींची टेकडी आणि आपलं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून १९०८ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्या नाण्यांवरचे नहपानाचे चेहरेही एकसारखे नाहीत. कुठं तरुण, कुठं गाल बसलेला म्हातारा, नाकं तर तऱ्हेतऱ्हेची. जोगळटेंभी गोदावरीवर आहे आणि पैठणही. आमच्या घाटाला लागणारं पाणी आधी त्या गावावरून येतं. पण अब्बांचं नाणं त्या साठ्यातलं आहे असं ते कधीच म्हणाले नाहीत. चिठ्ठीवर लिहिलंय : "जागा माहीत नाही."

या नाण्यावर टेकडीच्या एका कमानीखालून नहपानाचं नाक आणि हनुवटी दिसते. नाकापाशी ग्रीक अक्षराचा एक तुकडाही शिल्लक आहे. लहानपणी मला वाटायचं, ठसा नीट बसला नाही. आता वाटतं, नीट बसवायचाच नसेल. नाणं ज्याच्या हातात जाईल त्याला राज्य बदललंय हेही कळावं आणि चांदी तीच आहे हेही कळावं. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं कोरून घेतलेला लेख आहे. त्यात तिचा मुलगा क्षहरातांचा समूळ नाश करणारा म्हणून येतो. लेखात समूळ नाश झाला, आणि बाजारात मात्र शत्रूचं नाक, हनुवटी आणि तीन लिप्या आपल्या राजाच्या खुणेखाली फिरत राहिल्या. लोकांनी घेतलं, दिलं, भाजी आणली. इतिहासाच्या नावानं कुणी माझ्याशी फार तावातावानं बोलायला लागलं की, मला हे नाणं त्याच्या तळहातावर ठेवावंसं वाटतं. बोलू काहीच नये.

चौथं निवडायला वेळ लागला. समोर क्षत्रपांची चाळीसेक नाणी होती, बारीक, करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी. नहपानानंतर आलेल्या दुसऱ्या क्षत्रप घराण्याची, कार्दमकांची. यांची दोन वैशिष्ट्यं. एक, चेहऱ्यामागे ब्राह्मी आकड्यांत शक वर्ष लिहिलेलं असतं. इतक्या जुन्या काळी नाण्यावर सन घालण्याची पद्धत आपल्याकडे दुर्मीळ. दुसरं, प्रत्येक राजा आपल्या नावाआधी बापाचं नाव लिहितो, दोघांच्या पदव्यांसकट. त्यामुळे नाण्यांवरूनच अख्खी वंशावळ लावता आली.

मी घेतलं ते दुसऱ्या रुद्रसेनाचं. वर्षाचे आकडे बघायचे तर आधी शंभराची खूण, मग नव्वदाची, आणि पुढचा एकम नाण्याच्या कडेबाहेर गेलेला. म्हणजे शक १९० ते १९९मधलं कुठलं तरी वर्ष, आपल्या हिशेबानं इ.स. २६८ ते २७८. शक म्हणजे आपल्या पंचांगातलाच शक. शकांचा काळ मोजणारी ही पद्धत महाराष्ट्रात शालिवाहनाच्या, म्हणजे त्यांच्या शत्रूच्या नावानं ओळखली जाते. पाडव्याला पंचांग उघडलं की हे दोघे तिथंही एकत्र नांदत असतात.

पण मी हे नाणं घेतलं ते दुसऱ्या बाजूसाठी. तिथं लिहिलंय : राज्ञः क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस. बाप वीरदामन नुसता क्षत्रप, मुलगा रुद्रसेन महाक्षत्रप. बाप मोठ्या पदावर पोहोचला नव्हता. मुलगा गादीवर होता, टांकसाळ त्याची होती. बापाच्या नावामागे 'महा' लावून टाकलं असतं तर कोण विचारणार होतं? पण त्यानं बाप जेवढा होता तेवढाच लिहिला आणि त्याच्यापुढं आपलं नाव जोडलं.

मी कॉलेजात असताना फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'व्यापार' लिहायचो. 'घड्याळदुरुस्ती' लिहिलं नाही कधी. हे मी अब्बांना त्या रात्री सांगितलं. त्यांनी नाणं हातात घेतलं, अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाले, "व्यापार पण होताच की. तोट्याचा."

पाचव्यासाठी मी एक डबी मुद्दाम शेवटपर्यंत उघडली नव्हती. आमच्या घरात तिचं नाव 'पाटली'.

१९८७ साली एका फिरत्या नाणेविक्याकडून अब्बांनी यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं घेतलं होतं. सातवाहनांची बहुतेक नाणी शिशाची, तांब्याची, मिश्रधातूची. राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी थोडी. १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा भगवानलाल इंद्रजींना याच राजाचं एक मिळालं होतं. चेहऱ्याची ही पद्धत आणि वजन सातवाहनांनी क्षत्रपांच्याच नाण्यांवरून घेतलं. ज्यांच्याशी भांडले त्यांच्याकडूनच शिकले. एका बाजूला प्राकृतात लेख : रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस. दुसऱ्या बाजूला तोच मजकूर दाक्षिणात्य वळणाच्या भाषेत. आणि दोन्हीकडे राजाच्या नावाआधी आईचं गोत्रनाव. क्षत्रप बापाचं नाव सांगतात, सातवाहन आईचं.

या नाण्यासाठी अब्बांनी अम्मीच्या दोन पाटल्यांतली एक मोडली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. अम्मीच्या उजव्या हातात पाटली आणि डाव्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या, हे मी पुढं तीस वर्षं बघितलं. ती तक्रार करायची नाही. उलट पाहुणे आले की हसत म्हणायची, "अहो, माझी पाटली दाखवा की यांना." अब्बा डबी आणायचे. सगळे वाकून बघायचे. मला मात्र तेव्हा उठून बाहेर जावंसं वाटायचं. अब्बांच्या या नादाबद्दल माझ्या मनात जी एक अढी होती, ती त्या डबीत होती. अम्मी सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हाही पहिला विचार तोच आला होता की, दुसरा हात रिकामाच राहिला.

रात्री आपा झोपली. मी ट्यूबलाइटखाली अब्बांचं भिंग डोळ्याला लावून पाटलीची डबी उघडली. इतक्या वर्षांत मी हे नाणं भिंगाखाली कधी बघितलंच नव्हतं. रागानं बघितलं नव्हतं, म्हणा.

आधी अक्षरं बघितली. ती मऊ होती, मेणात काढल्यासारखी. ठोकलेल्या नाण्याचं अक्षर झिजलं तरी त्याच्या मुळाशी धार राहते. मग पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले, हवेचे बुडबुडे राहतात तसे. मग मी नाणं चिमट्यात धरून कड बघितली. कडेवरून सबंध गोल एक रेघ जात होती. कुणीतरी ती कानशीनं घासली होती, पण एका जागी राहून गेली होती. साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा. नाणं ओतीव होतं. म्हणजे खोटं.

मी किती वेळ तसाच बसलो ठाऊक नाही. अब्बा जागे होते. पलंगावरून म्हणाले, "कड बघितलीस?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरी आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी. दुकानातल्या फरशीवर टाकून बघितलं. बद्द वाजलं." थोडं थांबून म्हणाले, "बाजारात त्या माणसासमोरच वाजवून घ्यायला पाहिजे होतं. पण इतकं आवडलं होतं की, भीती वाटली. वाजवलं आणि खोटं निघालं तर?"

"आणि अम्मी?"

"तिला त्याच रात्री सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, मुलांना सांगू नका. बाप फसला हे मुलांना कळायची घाई काय आहे? मोठी झाली की कळेल."

मी काहीच बोललो नाही. म्हणजे 'माझी पाटली दाखवा' म्हणताना तिला सगळं ठाऊक होतं. पाहुणे वाकून बघत असताना ती अब्बांकडे बघून जे हसायची, ते मी आजवर दुसरंच काहीतरी समजत होतो. मला वाटायचं, टोमणा आहे. ती दोघांतली थट्टा होती. कदाचित दोघांतली ती सगळ्यात जुनी थट्टा असेल.

सकाळी आपानं विचारलं, "मग पाचवं कुठलं?" मी पाटलीची डबी पुढं केली. तिचा चेहरा बदलला. "वा! सगळ्यात महाग तेवढं बरोबर उचललंस." धाकटाही तिकडून म्हणाला, "भाई, ते मला हवं होतं." मी अब्बांकडे बघितलं. त्यांना आमचे चेहरे दिसत नव्हते, पण ते हसत होते.

आपानं गधैया नाणी घेतली, पाचही. सगळ्यात स्वस्त. या नाण्यांची मजा वेगळीच आहे. इराणच्या सासानी बादशहाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला अग्निवेदी, हे मूळ चित्र. हूणांबरोबर ते हिंदुस्थानात आलं आणि मग शतकानुशतकं नकलेची नक्कल, तिची नक्कल होत गेली. शेवटी चेहऱ्याच्या जागी चार रेघा आणि ठिपके उरले. आपा शाळेत शिकवते. म्हणाली, "वर्गात फिरवीन. यात नाक शोधा म्हणीन. मुलं तास विसरतील." धाकट्यानं कनिष्काचं तांब्याचं मोठं नाणं मागितलं आणि त्याच्या जोडीला आणखी चार. अब्बांनी त्याला लगेच सांगितलं की, ती मस्कतला जाणार नाहीत. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं आपल्याला असं देशाबाहेर नेता येत नाही. "मग काय उपयोग?" तो म्हणाला. "उपयोग हा की, बघायला तुला घरी यावं लागेल," अब्बा म्हणाले. त्यावर तिकडं बराच वेळ शांतता होती.

उरलेल्या एकशे सत्त्याण्णव नाण्यांची यादी मी दोन दिवस बसून केली. चिठ्ठीवरचा एकेक शब्द उतरवून घेतला. जिथं 'जागा माहीत नाही' लिहिलं होतं तिथं तेही उतरवलं. एका संग्रहालयाशी अब्बांचं बोलणं झालेलं आहे. चिठ्ठ्यांसकटच घ्यायची, ही त्यांची एकच अट.

आता माझ्या टेबलावर पाच डब्या आहेत. एकात नाव नसलेला राजा आणि लोकांच्या खुणा. एकात शेळ्या चारणाऱ्या बाईनं दिलेला हत्ती. एकात दोन शत्रू एकाच चांदीत. एकात बापाचं खरं पद लिहिणारा मुलगा. आणि एकात खोटं नाणं. पाचव्याच्या चिठ्ठीवर अब्बांनी तेव्हा लिहिलं होतं : "यज्ञ सातकर्णी, चांदी, १९८७." त्याखाली मी लिहिलं : "ओतीव. जागा : अम्मीचा डावा हात."

हे सगळं लिहिण्याआधी मी अब्बांना फोन करून विचारलं. आपा आणि धाकटा हे वाचतील, त्यांना कळेल, चालेल का? अम्मीनं सांगू नका म्हटलं होतं.

"ती म्हणाली होती, मुलं मोठी होईपर्यंत," अब्बा म्हणाले. "तू आता पंचावन्नचा झालास. झालास ना मोठा?"